स्कूटरवरील शिल्लक वीज

राज्यें कशीं उदयास आलीं व कशीं लयास गेलीं हें सांगणारे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु ज्या लहानसहान वस्तूंवांचून आपला एक दिवसही निभत नाहीं त्या आल्या कोठून, असें कोणी विचारलें तर शहाणींसुरतीं माणसेंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. आमचीही आतांआतांपर्यंत तीच गत होती.

आमच्या घराखालीं दुपारीं बाराच्या सुमारास जेवणाचे डबे पोंचविणारे तरुण येऊन थांबतात. पाठीवर चौकोनी पेटी, पायांखालीं स्कूटर, दांड्यावर अडकविलेला मोबाईल, आणि त्या मोबाईलमधून निघून स्कूटरच्या पोटांत शिरलेली एक काळी तार. हा मोबाईल त्या तरुणाची हजेरीवही आहे, वाटाड्या आहे आणि मुकादमही आहे. तो बंद पडला कीं त्याची त्या दिवसाची मजुरी तेथेंच थांबली. म्हणून तो तरुण एक वेळ स्वतः जेवावयाचा राहील, पण मोबाईल उपाशी ठेवणार नाहीं. त्या तारेचें दुसरें टोंक ज्या भोंकांत शिरतें, ज्यास आतां लहान मुलेंही सॉकेट म्हणतात, तें स्कूटरवर आलें कोठून, याचा शोध घेण्याचें आम्हीं मनांत आणलें. त्यास आणखीही एक कारण होतें. तें पुढें सांगूं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, दुचाकीवर वीज आली ती दुसऱ्या कोणास देण्यासाठीं आली नाहीं. ती आली एका ठिणगीपुरती. पेट्रोलची वाफ पेटावयाची तर ठिणगी हवी. आणि ती ठिणगी चालत्या यंत्रानें आपली आपणच निर्माण करावी अशी युक्ति म्हणजे मॅग्नेटो. तारेच्या वेटोळ्यापुढून लोहचुंबक फिरविला असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ मध्यें दाखविलेंच होतें. त्या तत्त्वाचा मोटारींच्या उपयोगीं पडेल असा पक्का प्रयोग जर्मनींत स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांत झाला. त्याचा सहकारी गोटलोब होनोल्ड यानें १९०२ मध्यें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. चाक फिरलें कीं ठिणगी, ठिणगी पडली कीं चाक फिरलें. असें हें आपल्या आपण चालणारें घर. त्यांत पाहुण्यास जागा नव्हती.

दुसऱ्या महायुद्धांत इटलींतील पाँतेदेरा येथील पियाज्जो यांच्या विमानांच्या कारखान्याची बाँबहल्ल्यांत राखरांगोळी झाली. युद्ध संपल्यावर विमानें बांधावयाचीं नव्हतीं, आणि लोकांस तर स्वस्त वाहन हवें होतें. एन्रिको पियाज्जो यानें हें काम कोर्रादीनो दास्कानियो या विमानविद्येच्या इंजिनिअराकडे सोंपविलें. हा गृहस्थ हेलिकॉप्टरच्या मागें लागलेला होता. १९३० मध्यें त्याच्या हेलिकॉप्टरनें त्या काळचे उच्चांकही केले होते. त्यास मोटारसायकलीचा मनापासून तिटकारा होता. तिची सांखळी कपडे मळविते, तिचें चाक बदलणें म्हणजे शिक्षा, तिच्यावर स्वार व्हावयाचें तर पाय उंच टाकून घोड्यावर बसल्यासारखें बसावयाचें! ज्यास एखाद्या वस्तूचा तिटकारा आहे त्यासच ती सुधारावयास सांगावी, हें पियाज्जोचें शहाणपण आम्हांस फार आवडतें. २३ एप्रिल १९४६ रोजीं ‘व्हेस्पा’च्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. ९८ घनसेंटिमीटरचें तिचें यंत्र. आणि त्याच्या पंख्याच्या चाकांतच मॅग्नेटो बसविलेला. त्या चाकांतून ठिणगीची वीज निघे, दिव्याची निघे, भोंग्याचीही निघे. बॅटरी नाहीं. किंमत कमी ठेवावयाची तर बॅटरी परवडणारी नव्हती, आणि स्कूटर हें तर गरिबाचें वाहन व्हावयाचें होतें.

हीच व्हेस्पा पुढें आपल्या पुण्यास आली. बजाज कंपनीस १९५९ मध्यें दुचाकी व तीनचाकी वाहनें बनविण्याचा परवाना मिळाला, आणि पियाज्जोशीं करार होऊन आकुर्डी येथें स्कूटरी तयार होऊं लागल्या. करार संपल्यावर १९७२ मध्यें ‘चेतक’ निघाली. नांव महाराणा प्रतापाच्या घोड्याचें. चाल मात्र त्याच इटालियन गांधीलमाशीची. नोंदणी केल्यानंतर स्कूटर हातांत पडावयास वर्षेंच्या वर्षें लागत, हें आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नकोच.

आमच्या वडिलांची स्कूटर त्याच काळांतली. ती कोणत्या कारखान्याची होती हें सांगण्याचें कारण नाहीं, कारण जो दोष आम्ही सांगणार आहों तो बॅटरी नसलेल्या त्या पद्धतीच्या सर्वच वाहनांत होता. रात्रीं घाटांतून येतांना वळणावर वेग कमी झाला कीं दिवा मालवल्यागत तांबडा होई. म्हणजे जेथें रस्ता नीट दिसावयास हवा नेमका तेथेंच दिसेनासा होई. मग वडील क्लच दाबून यंत्राची घरघर वाढवीत, दिवा क्षणभर पांढरा होई, आणि मागें बसलेली आई “सावकाश” म्हणे. वडील सावकाशच चाललेले असत. जोरानें चालत होतें तें केवळ यंत्र.

याचें कारण सरळ आहे. मॅग्नेटोची वीज यंत्राच्या गतीबरोबर चढते आणि उतरते. तिला आवरणारें यंत्र त्या काळच्या साध्या स्कूटरींत नव्हतें. तें काम दिव्यांकडूनच करून घेतलें जाई. ६ व्होल्टांच्या त्या स्कूटरींत पुढचा दिवा साधारण २५ वॉटचा आणि मागचा ५ वॉटचा असे. वेटोळ्यांतून निघणारी वीज व हे दिवे यांचें गणित इतकें तंतोतंत बसविलेलें असे कीं पुढचा दिवा गेला तर त्याच्या वांट्याची वीज मागच्या बिचाऱ्या लहान दिव्यावर जाऊन कोसळे, आणि तोही त्याच क्षणीं जळून जाई. कित्येकांना वाटे कीं दोन्ही दिवे एकदम जाणें हा दुर्दैवाचा भाग. तो दुर्दैवाचा भाग नव्हता; तो हातातोंडाशीं गांठ असलेल्या संसाराचा भाग होता. अशा संसारांत पैची शिल्लक नाहीं, आणि पैची उधळपट्टीही सहन होत नाहीं. आजचा एक साधा मोबाईल भरतांना १० वॉट घेतो असें धरलें, तर त्या स्कूटरच्या पुढच्या दिव्याचा दोन पंचमांश उजेड त्यानेंच खाल्ला असता. तेव्हां त्या स्कूटरीवर सॉकेट नव्हतें यांत नवल नाहीं. असतें तर नवल होतें.

शिल्लक वीज प्रथम आली ती श्रीमंताघरीं, म्हणजे मोटारींत. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांनीं विजेनें यंत्र सुरू करण्याची सोय केली. तोंवर पुढें उभें राहून दांडा फिरवावा लागे, आणि यंत्रानें उलट झटका दिला तर मनगट मोडे. स्टार्टरसाठीं बॅटरी आली, बॅटरी भरावयास डायनॅमो आला, आणि मग ती भरलेली बॅटरी दिवसभर जवळजवळ रिकामटेकडी बसून असते हें लोकांच्या ध्यानांत आलें. रिकामटेकड्यास काम सुचविणारे पुष्कळ असतात. पहिलें काम जें सुचलें तें चिरूट पेटविण्याचें! विजेनें तापणाऱ्या तारेवर चिरूट पेटविण्याच्या एका साधनाचें पेटंट अमेरिकेंत १९२१ मध्यें जोशुआ मॉरिस यांस मिळालें, आणि पुढील कांहीं वर्षांत मोटारींत अशीं साधनें सर्रास दिसूं लागलीं. त्यासाठीं जी गोल खोबण केली तीच पुढें जगांतील सर्व मोटारींचें सॉकेट होऊन बसली. धूम्रपान कमी झालें, पेटविणारी कांडी नाहींशी झाली, खोबण मात्र राहिली. तींत पंखे आले, हवा भरण्याचे पंप आले, शेवटीं मोबाईल आला. ही खोबण मुळांत तार तापविण्यासाठीं केलेली, पिन घट्ट धरून ठेवण्यासाठीं केलेलीच नव्हे; म्हणून खडबडीत रस्त्यावर पिन आजही हलून बाहेर येते. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन चिरुटाचा त्रास आज कात्रज ते स्वारगेट या रस्त्यावर भोगावा लागतो, ही इतिहासाची गंमत आहे. जर्मन मोटारसायकलींवर याहून लहान, सुमारे १२ मिलिमीटर भोंकाचें आणि पिनेस घट्ट पकडणारें सॉकेट असे. थंड देशांतील स्वार त्यास विजेनें ऊब देणारें जाकीट जोडीत. आपल्याकडे उबेची पंचाईत नसल्यानें तें सॉकेट फारसें आलें नाहीं.

स्कूटरीस खरी शिल्लक लाभली ती स्टार्टरमुळें. पुण्याच्या फिरोदिया घराण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनीं मिळून १९८४ मध्यें जी स्कूटर काढली तिला गिअर नव्हते आणि लाथ मारण्याची सक्तिही नव्हती. बोटानें कळ दाबली कीं ती सुरू होई. त्या वेळीं आमच्या ओळखीच्या कित्येक शिक्षिका आणि बँकांतील भगिनी प्रथमच स्वतः स्कूटर चालवूं लागल्या, ही गोष्ट इतिहासकारांनीं नोंदविण्यासारखी आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय. आपल्यापुरतें महत्त्वाचें हें कीं कळ आली म्हणजे बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणजे तिला बेतानें भरणारा नियामक आला. चढउतार करणाऱ्या विजेचें रूपांतर एका संथ, १२ व्होल्टांच्या प्रवाहांत झालें. आतां सॉकेट बसविण्यास अडचण उरली नव्हती. परंतु बसवावयाचें कशासाठीं? स्कूटरवर बसून मनुष्य चिरूट ओढीत नाहीं.

तें ‘कशासाठीं’ आलें ३१ जुलै १९९५ रोजीं. त्या दिवशीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईलवरून संभाषण केलें. भारतांतील तें पहिलें. पुढच्याच वर्षीं, १९९६ मध्यें, अमेरिकेंत यूएसबी या नांवाची एक जोडणी प्रसिद्ध झाली. तिच्या प्रमुख कर्त्यांपैकीं अजय भट्ट हे बडोद्याचे, सयाजीराव महाराजांच्या नांवानें चाललेल्या विद्यापीठाचे पदवीधर. आपल्या घरच्या मंडळींना प्रिंटर जोडतांना जो मनस्ताप होई त्यावरून ही कल्पना सुचली, असें त्यांनीं सांगितलेलें आहे. संगणकास कळफलक, माऊस, प्रिंटर जोडण्यासाठीं ती केलेली. तिच्यांतून ५ व्होल्टांची जी अल्पशी वीज वाहते ती त्या जोडलेल्या यंत्रांच्या पोटापुरती. पण येथेंही चिरुटाच्या खोबणीचीच पुनरावृत्ति झाली. ज्या कामासाठीं भोंक केलें तें काम मागें पडलें, आणि त्यांतून पाझरणाऱ्या विजेवर मोबाईल येऊन बसले. प्रत्येक कंपनीची पिन निराळी, हा घोळ मोडावा म्हणून २००९ मध्यें युरोपांत प्रमुख मोबाईल कारखानदारांनीं एका पिनेस संमति दिली. आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तर तेथें यूएसबी-सी ही एकच जोडणी कायद्यानें सक्तीची झाली आहे.

स्कूटरवर तीं दोन गोत्रें एकत्र आलीं. १२ व्होल्टांची मोटारीची वीज अतिशय जलद चालू-बंद करून तिचे ५ व्होल्ट करणारें एक लहानसें यंत्र मध्यें बसविलें कीं झालें. २०१० नंतरच्या दशकांत आपल्याकडील स्कूटरींत आसनाखालीं, पुढें हाताशीं, कोठें तरी हें सॉकेट दिसूं लागलें. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा यंत्र चालू असेपर्यंत आपोआप जळत राहावा असा नियम झाला, म्हणजे दिवसाही विजेचा खर्च वाढला. पण त्याच सुमारास कमी विजेवर चालणारे एलईडी दिवे पसरूं लागले, आणि दोहोंची तोंडमिळवणी झाली. १ ऑक्टोबर २०२० पासून वाहन चालवितांना केवळ मार्ग पाहण्यापुरता मोबाईल वापरण्याची मुभा केंद्रीय नियमांनीं दिली. डबे पोंचविणाऱ्या कंपन्या त्याआधींच आल्या होत्या. स्विगी २०१४ मधील.

येथें एक हिशेब वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. साध्या स्कूटरची बॅटरी ४ अँपिअर-तासांची धरली तर १२ व्होल्टांनीं तिच्यांत ४८ वॉट-तास वीज असते. आजचा ५००० मिलिअँपिअर-तासांचा मोबाईल सुमारे १९ वॉट-तास घेतो, आणि वाटेंत होणारी गळती मिळवली तर २३ पर्यंत. म्हणजे यंत्र बंद ठेवून दोन मोबाईल भरले तर बॅटरी संपली. आणि स्टार्टर तर त्याच्या पुष्कळ आधींच हार खातो. आम्हांस हें गणित अनुभवानें कळलें. जुन्या स्कूटरवर रस्त्याकडेच्या एका कारागिराकडून आम्हीं सॉकेट बसवून घेतलें. त्यानें तार किल्लीच्या मागून न घेतां सरळ बॅटरीस जोडली, फ्यूजही घातला नाहीं, आणि रात्रभर तें इवलेंसें यंत्र निळा डोळा उघडा ठेवून बॅटरी पीत राहिलें. सकाळीं आठच्या तासाला आम्ही घामानें निथळत, पंचवीस मिनिटें उशिरां पोंचलों. विषय होता औद्योगिक क्रांति. विद्यार्थ्यांनीं कारण विचारलें नाहीं, ही त्यांची कृपा.

जानेवारी २०२० मध्यें चेतक पुन्हां बाजारांत आली ती विजेवर चालणारी होऊन. तिच्या बॅटरींत सुमारे ३ किलोवॉट-तास वीज. म्हणजे गळती धरूनही शंभरावर मोबाईल. ज्या नांवाच्या स्कूटरीस एके काळीं मागच्या दिव्यापलीकडे एक वॉट देणें जड जात होतें, तिच्यापुढें आतां मोबाईल हा किस झाडाचा पाला!

असो. हा सारा शोध घ्यावयास आम्ही प्रवृत्त झालों त्याचें दुसरें कारण सांगण्याचें वचन दिलें आहे, तें आतां पुरें करतों. आमची थोरली बहीण सांगलीस गांवभागांत राहते. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी चढत चढत आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांच्या वर गेलें. वीज बंद झाली. पहिल्या दिवशीं ताईचा आवाज ऐकूं आला. दुसऱ्या दिवशीं तिचा मोबाईल लागेना. आम्ही पुण्यास बसून एकच आंकडा दाबीत होतों. सत्तरी उलटलेली, रक्तदाबाची, एकटी राहणारी बहीण. आणि दूरदर्शनवर ओळखीच्या गल्ल्यांतून होड्या चाललेल्या दिसत होत्या. त्या दीड दिवसांत आमच्या घरीं कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं तिचा फोन आला. “अरे, मी बरी आहें. गच्चीवर आहों सगळीं. गोळ्या आहेत. आतां ठेवतें, माझ्या मागें अजून पांचजण खोळंबलेत.” एवढेंच बोलून तिनें खरोखरच ठेवला.

पुढें कळलें तें असें. खालच्या मजल्यावरील एका तरुणानें पाणी अंगणांत येतांच चौघांच्या मदतीनें आपली वर्षभरापूर्वीची स्कूटर जिन्यावरून ओढीत थेट गच्चीवर नेली होती. ती वांचावी एवढाच त्याचा हेतु. तिला सॉकेट आहे हें दुसऱ्या दिवशीं कोणाच्या तरी ध्यानांत आलें. टाकींत पेट्रोल बेताचें. मग ताईनें, ती जन्मभर शाळेंत मास्तरीण होती, वहीचें पान फाडून क्रम लावला. यंत्र चालू करावयाचें, प्रत्येकानें वीस मिनिटें घ्यावयाचीं, मोबाईल जरा सावध झाला कीं एक निरोप देऊन बाजूस व्हावयाचें. पहिली पाळी आठवा महिना लागलेल्या एका सुनेची, तिच्या डॉक्टरांना कळवावयाचें होतें. दुसरी इन्सुलिन घेणाऱ्या एका गृहस्थाची. तिसरी होडीवाल्यांशीं ज्याचें बोलणें चालू होतें त्याची. उरलेल्यांत वयाप्रमाणें नंबर लावावा असें कोणी सुचविलें. ताईनें तें मोडून काढलें, आणि ज्यांचीं लेंकरें परगांवीं होतीं त्यांना आधीं घेतलें. स्वतःचा नंबर तिनें नववा लावला. स्कूटरचा दिवा नव्या नियमाप्रमाणें मालवतां येत नसे. भर दुपारीं पावसांत, चोहोंकडे पाणी पसरलेल्या त्या गच्चीवर तो जळत होता असें ती सांगते.

गेल्या दिवाळींत आम्ही सांगलीस गेलों तेव्हां तें पान तिनें पोथीच्या बासनांतून काढून दाखविलें. इतिहासाच्या शिक्षकास अस्सल कागद हातांत आला म्हणजे काय वाटतें हें सांगावयास नको. शाई पसरलेली आहे, पण अक्षर वाचतां येतें. पंधरा नांवें आहेत, आणि ज्याची पाळी झाली त्याच्या नांवावर आडवी रेघ ओढलेली आहे. पंधरावें नांव स्कूटरच्या मालकाचें. त्यावर रेघ नाहीं. पेट्रोल चवदाव्या नांवालाच संपलें होतें.